सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे

हात आमच्या गाडीतून बाहेर आला होता, हे मी नाकारत नाही. पण तो हात माझा नव्हता, आणि त्या हाताला कोणालाही काहीही सांगायचं नव्हतं. हे मी जुन्या मोटारींच्या क्लबाच्या अध्यक्षांना तोंडी सांगितलं, लेखी कळवलं, त्यांच्या घरी फोन करून त्यांच्या पत्नीलाही समजावलं. तरीसुद्धा क्लबात अजून माझा उल्लेख ‘ज्याने सबंध ताफा भंगारात घातला तो’ असाच होतो. तेव्हा काय घडलं ते एकदा सांगून टाकतो. मग कोणाला काय बोलायचं ते बोलू दे.

मुळात गाडी माझी नाही, बाबांची. त्यांनी घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती, आणि बाबा गेल्यापासून ती आमच्या सोसायटीच्या कुंपणाला टेकून उभी होती. टेकून म्हणजे खरोखरच टेकून. हलवली असती तर दोघांपैकी एक पडलं असतं, आणि ते कुंपण असतं असं माझं मत आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं. एका खोलीत मी, बायको आणि टीव्ही. दुसऱ्या खोलीत मुलगी आणि तिचा अभ्यास, म्हणजे तिथे शिंकायचीही चोरी. आई रात्री स्वयंपाकघरात अंथरूण टाकते आणि दुपारची आवराआवर झाली की पेपर, चष्मा आणि निवडायची भाजी घेऊन खाली गाडीत जाऊन बसते. मागच्या सीटवर, दार लावून. काच खाली असेल तर तिच्याशी बोलायचं, वर असेल तर बोलायचं नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मला ते जरा उशिरा कळलं होतं.

तर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मनात आलं, की गाडीच्या जागेत मोटारसायकली छान बसतील. सभेत त्यांनी ठराव मांडला, ‘आवारातले भंगार हटवावे.’ मी ताडकन उभा राहिलो. हे भंगार नाही, पुरातन वाहन आहे, असं म्हणालो. पुरातन असेल तर तसा सरकारी दाखला आणा, सेक्रेटरी म्हणाले, नाहीतर महिनाअखेरीला भंगारवाला बोलावतो. सभा हसली. ज्या सभेत पाण्याच्या टाकीवरून डोकी फुटायची वेळ येते, ती सभा माझ्या बाबतीत एकमुखाने हसली.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, “मग मी बसू कुठे?”

आईने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. हेसुद्धा मागणं नव्हतं, साधा प्रश्न होता. पण तो मला असा लागला की जेवण गेलं नाही. दाखला आणायचाच, असं मी ठरवलं.

परिवहन खात्यातला कारकून चांगला माणूस होता, फक्त त्याला खिडकीतून बाहेर बघायची सवय नव्हती. गाडीचा मालक स्वतः हजर पाहिजे, असं तो म्हणाला. मालक वारले, असं मी सांगितलं. मग त्यांच्याकडून तसं लिहून आणा, असं तो म्हणाला. मी आवाज चढवला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याने मध्ये पडून खरी गोष्ट सांगितली. दरवर्षी जुन्या मोटारींचा क्लब जुन्या राजमार्गावरून ताफा काढतो. राजमार्गाच्या शेवटाला जुनं विश्रामगृह आहे, तिथे खात्याच्या मोठ्या अधिकारी बाई येतात. जी गाडी स्वतःच्या इंजिनावर तिथवर पोचेल तिला त्या जागच्या जागी दाखला देतात. ओढून आणलेली गाडी बाद. पोचलेली गाडी पुरातन, न पोचलेली भंगार, इतका सोपा कायदा मी प्रथमच ऐकला, आणि त्याच संध्याकाळी क्लबाचा सभासद झालो.

मग गाडीला मेकॅनिक पाहिला. त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण तो कुठलीही गाडी पाहून आधी उसासा टाकतो. आमच्या गाडीपाशी त्याने इतके उसासे टाकले की आईने त्याला आत बोलावून पाणी दिलं. पुढे बरेच दिवस तो येत राहिला आणि एके दिवशी हँडल मारल्यावर गाडी चालू झाली. पहिल्या धुराने तळमजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे गेले, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं. चालू झाली याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

ब्रेक लागतात का, असं मी विचारलं. लागतात, पण त्यांना आधी कळवावं लागतं, असं डॉक्टर म्हणाला. शिवाय पेट्रोलची टाकी अशा ठिकाणी आहे की चढावर गाडीचं नाक वर झालं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. यावर उपाय काय? “सोपं आहे,” डॉक्टर म्हणाला. “चढ आला की गाडी फिरवा आणि रिव्हर्समध्ये चढवा.” त्याने हे अशा सुरात सांगितलं की जणू रस्त्याने सगळेच तसे जात असावेत.

बातमी बिल्डिंगभर झाली आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त सर राहतात. सध्याचा राजमार्ग हा खरा राजमार्गच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. जुन्या टोलनाक्याच्या पडक्या खोलीपाशी खरा रस्ता उजवीकडे वळतो आणि सरकारने इतिहासाची फसवणूक केली आहे. हे त्यांनी क्लबाच्या अध्यक्षांनाही अनेकदा कळवलेलं होतं. बाकीच्यांचा सल्ला एकच, दोर घेऊन जा. प्रत्येकाने स्वतःचा दोर आणूनच दिला. कोणी विहिरीचा, कोणी झोपाळ्याचा, एकाने तर कुत्र्याची साखळी. निघायच्या दिवशी गाडीत माणसांपेक्षा दोर जास्त होते. ओढून आणलेली गाडी बाद होते, हे मी प्रत्येकाला सांगत होतो, आणि प्रत्येक जण “असू दे हो, लागतो” असं म्हणत होता. एवढा अविश्वास मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

निघालो आम्ही तिघं. मी चालवायला, बायको पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन पुढे, आणि आई मागे, नेहमीच्या जागेवर, माझ्या बरोबर पाठीशी. गाडी तिच्यासाठी चाललेली, तेव्हा ती येणार हे उघडच होतं. मुलीने मात्र त्या रस्त्यावर तिच्या ओळखीचं कोणीही भेटणार नाही अशी लेखी हमी मागितली आणि ती मी देऊ शकलो नाही.

जमायच्या ठिकाणी पोचलो तर काय एकेक गाड्या. पितळ घासूनपुसून चकचकीत केलेलं, चामड्याच्या सीटा, मालकांच्या डोक्यावर त्याच काळातल्या टोप्या. अध्यक्षांची गाडी तर इतकी लांब होती की तिचं तोंड आणि शेपूट एकाच फोटोत मावत नव्हतं. ते आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून आले, दाराला बांधलेली सुतळी बघितली, आणि म्हणाले, “तुम्ही सगळ्यात पुढे राहा.”

माझा ऊर भरून आला. मी बायकोकडे पाहिलं. पहिल्याच वर्षी ताफ्याचं नेतृत्व म्हणजे काही खायचं काम नाही. मी नम्रपणे विचारलंसुद्धा, की हा मान मलाच का. तेव्हा अध्यक्षांनी खुलासा केला, की सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे ठेवायची हा क्लबाचा नियम आहे, म्हणजे मागे कोणी राहत नाही. बायको कॅनच्या झाकणाकडे बघत बसली. ती हसत नव्हती असं ती म्हणते.

दुसरा नियम हातांच्या खुणांचा. या गाड्यांना वळायचे दिवे नाहीत, म्हणून पुढच्याने हात आडवा काढला की मागच्याने तीच खूण करायची, त्याच्या मागच्यानेही, अशी ती शेवटपर्यंत पोचवायची. खूण मिळाली की शंका काढायची नाही, भोंगा वाजवायचा नाही, वळायचं. जुन्या काळचे लोक असेच शिस्तीचे होते, असं अध्यक्ष म्हणाले. तेव्हाच मला बरं वाटलं नव्हतं.

सुरुवातीचा रस्ता झकास गेला. राजमार्गाच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडं, दगडी मैलखांब, आणि शेतातले लोक काम थांबवून हात करत होते. आई त्यांनाही हात करायला निघाली, पण मी तिला वेळीच थांबवलं. खुणांचा नियम तिला समजावून सांगितला. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे ‘तुमच्या आईला नियम माहीत नव्हता’ असं म्हटलं गेलं. माहीत होता. तिच्या मते रुमाल ही खूण नव्हे, आणि मला त्यात काही चुकीचं दिसत नाही.

रुमालाकडे येतो. आधी घाट आला.

घाटाच्या पायथ्याशी मी गाडी फिरवली, रिव्हर्स टाकला आणि चढायला लागलो. क्षणभर मागच्यांना वाटलं मी परत घरी निघालो. मग त्यांच्या लक्षात आलं. आता सगळा घाटभर माझी गाडी पाठमोरी वर जात होती आणि तिच्या नाकासमोर अध्यक्षांची गाडी सरळ वर येत होती. म्हणजे मी आणि अध्यक्ष एकमेकांच्या तोंडाकडे बघत तो घाट चढलो. दोन परक्या माणसांनी इतका वेळ एकमेकांकडे बघू नये. सुरुवातीला मी स्मित केलं. त्यांनीही केलं. पहिल्या वळणानंतर दोघांचीही स्मितं संपली, पण बघणं चालूच होतं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. मागचा रस्ता आई सांगत होती. “जरा इकडे घे, आता तिकडे, दगड आहे, येऊ दे, येऊ दे.” माझी मान अवघडली, गाडी उकळली, बायको आणि आईने उतरून कॅन रेडिएटरमध्ये रिकामा केला, आणि त्यातलं अर्धं पाणी आईच्या पदरावर आणि रुमालावर उडालं.

घाटमाथ्यावर मी गाडी सरळ केली. इंजिन तापून लालबुंद झालं होतं आणि मागून असा काळा दाट धूर सुटला होता की आरशात अध्यक्षांची एवढी लांब गाडी दिसेना. मला त्याचं थोडं समाधानही वाटलं. आणि अशा वेळी आईने, ओला रुमाल वाऱ्यावर वाळेल एवढ्याच साध्या विचाराने, तो दोन बोटांत धरून हात खिडकीबाहेर काढला. सरळ आडवा. उजव्या बाजूला. बरोबर टोलनाक्याच्या पडक्या खोलीपाशी.

धुरातून अध्यक्षांना गाडी दिसलीच नाही. दिसला तो फक्त हात. आणि टोलनाक्यापाशी खरा रस्ता उजवीकडे वळतो, हे भूगोलाच्या सरांनी त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं होतं. त्यांना वाटलं, सरांच्याच बिल्डिंगमधला हा मनुष्य त्यांचं ऐकून इतिहासाच्या खऱ्या मार्गाने निघाला. त्यांनी हात आडवा काढला आणि ते वळले. मागच्याने हात काढला, तो वळला. त्याच्या मागचा वळला. एकानेही शंका काढली नाही की भोंगा वाजवला नाही. सबंध ताफा अत्यंत शिस्तीने राजमार्ग सोडून गेला.

तो रस्ता एका भंगाराच्या कारखान्यात जातो. दुसरीकडे कुठेच जात नाही. दोन्ही बाजूंना भिंती, वळायला जागा नाही, आणि या थोर गाड्यांपैकी निम्म्यांचा रिव्हर्स लागत नाही, पितळ कितीही घासलेलं असो. तेव्हा त्यांना फाटकातून आत जावंच लागलं. एकामागून एक एवढ्या जुन्या गाड्या येताना पाहून कारखान्याच्या मालकाला गहिवरून आलं. त्याने अध्यक्षांची गाडी आधी काट्यावर घेतली. अध्यक्ष आत बसलेले होते, म्हणून त्यांचं वजन वजा करायला त्याने त्यांना नम्रपणे खाली उतरायला सांगितलं. हे सगळं मी नंतर ऐकलं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं.

त्या वेळी मी पुढे चाललो होतो. बायको म्हणाली, मागे कोणी दिसत नाही. मी म्हटलं, साहजिक आहे, मी वेगात आहे. ती म्हणाली, “अहो, आत्ताच आपल्याला एक सायकलवाला मागे टाकून गेला.” मी म्हटलं, गाडी चालवताना बोलू नये.

विश्रामगृहापाशी मांडव, खुर्च्या, आणि अधिकारी बाई घड्याळाकडे बघत उभ्या. आम्ही पोचलो. सुतळी सुटून आमचं एक दार आपोआप उघडलं, तेच स्वागताला बरं पडलं. बाकीचे कुठे आहेत, असं बाईंनी विचारलं. येतीलच, असं मी म्हणालो. बराच वेळ कोणी आलं नाही. बाईंना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी चाकांखाली वाकून पाहिलं, दोर कुठे बांधलेला नाही याची खात्री केली, मागे एवढे दोर का ठेवलेत असं विचारलं, आणि दाखल्यावर सही करायला पेन काढलं. आई गाडीतून न उतरता काचेतून त्या पेनाकडे बघत होती.

नेमका तेव्हा ताफा आला. टोप्यांवर गंजाचे डाग, पितळावर ग्रीस, आणि अध्यक्षांच्या हातात काट्याची पावती. या माणसाला दाखला देऊ नका, त्यांनी तिथूनच सांगितलं. खोटी खूण देऊन सबंध ताफा भलत्या मार्गाला लावला, क्लब याला काढून टाकतो आहे. मी म्हटलं, मी कसलीही खूण दिली नाही, माझे दोन्ही हात चाकावर होते. ते म्हणाले, हात मी डोळ्यांनी पाहिला. मी म्हटलं, तुम्ही डोळ्यांनी माझी गाडी बघायला पाहिजे होती. ते म्हणाले, धुरात दिसेल कशी. त्यावर मी काय बोललो ते लिहीत नाही, आई तिथे होती.

बाईंनी पेन थांबवलं. घाट उलटा चढून आलो होतो मी. एका माणसाच्या तोंडाकडे बघत चढलो होतो.

मग आईने काच खाली केली. “हात माझा होता,” ती म्हणाली. “रुमाल वाळत घातला होता.”

बाईंनी अध्यक्षांना विचारलं, तुमच्या नियमात खूण कोणी करायची. चालकाने, असं अध्यक्ष म्हणाले. मग मागे बसलेल्या बाईचा हात ही खूण होते का? अध्यक्षांनी पुष्कळ विचार केला आणि नाही म्हणाले. “म्हणजे तुम्ही सगळे खुणेमागे गेला नाहीत,” बाई म्हणाल्या, “रुमालामागे गेलात.” आणि त्यांनी सही केली. बाकीच्या गाड्यांनाही त्यांनी दाखले दिले, हे मला पटलं नाही.

घरी आलो तो दिग्विजयच. दाखला सेक्रेटरींच्या हातात ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटला, आणि त्यांचा चेहरा खुलला. मागे अटी होत्या. पुरातन वाहन हा वारसा असून ते केवळ जतनासाठी ठेवावे. प्रवासाखेरीज त्यात कोणीही बसू नये. त्याचा घरगुती वापर करू नये. सेक्रेटरी तो कागद घेऊन भर उन्हात गाडीपाशी गेले आणि आईला म्हणाले, “काकू, गाडी राहील. पण नियमाप्रमाणे तुम्हाला तिच्यात बसता येणार नाही.”

माझं डोकं भणाणलं. मी भाषण तयार केलं. वारसा म्हणजे काय, जतन म्हणजे काय, आई म्हणजे काय, सगळे मुद्दे क्रमाने मांडून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने काच खाली केली.

“ऊन लागतंय तुम्हाला,” ती सेक्रेटरींना म्हणाली. “आत बसा आणि सगळं नीट वाचून दाखवा. मला इथून ऐकू येत नाही.”

ते बसले. दार लावलं. मी भाषण तोंडात धरून बाहेर उभा. काचेतून दिसत होतं, की त्यांनी पहिली अट वाचली, दुसरी वाचली, मग कागद मांडीवर ठेवून ते इकडेतिकडे बघायला लागले. सेक्रेटरींच्या घरी मुलगा, सून, दोन नातवंडं आणि तबला शिकणारा पुतण्या आहे. थोड्या वेळाने त्यांनी चपला काढल्या. मग पाय लांब केले. आई पेपरचं एक पान त्यांच्याकडे देऊन दुसरं स्वतः वाचत होती. मी शेवटी वर निघून गेलो.

तेव्हापासून सेक्रेटरी रोज दुपारी खाली येतात. अटींचा विषय सोसायटीच्या सभेत पुन्हा निघाला नाही, कारण तो काढायचा कोणी. हळूहळू भूगोलाचे सरही येऊ लागले. मग वरच्या काकू. सगळे एकदम नाही, आईने वार ठरवून दिले आहेत. आत कोणी फारसं बोलत नाही म्हणतात. तेवढ्यासाठीच येतात.

परवा टीव्हीवरून घरात जरा वादावादी झाली. एकीकडे टीव्ही, दुसरीकडे अभ्यास, मध्ये मी. म्हटलं, खाली जाऊन बसावं घटकाभर. मी गाडीचं पुढचं दार उघडलं. मागे आई आणि सेक्रेटरी आपापलं पान वाचत होते. आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, अगदी मायेने.

“अरे, असं मध्येच येऊ नये,” ती म्हणाली. “आधी विचारून यावं.”

ज्या गाडीचं हँडल मारून माझा खांदा अजून दुखतो, जी मी उलटी घाट चढवून आणली, जिच्यापायी मोटारींच्या क्लबात मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तिचं दार मी हळूच, आवाज न करता लावलं. मला गुरुवारची वेळ मिळाली आहे.